फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती: शाळेत अभ्यास कसा करावा

शाळेच्या इतिहासात ही दोन प्रकरणं बहुतेक वेळा शेजारी-शेजारी येतात. दोन्हींच्या नावात ‘क्रांती’ असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मुलं दोन्ही एकाच साच्यात बसवतात: कारणं पाच, घटना सहा, परिणाम चार. मग परीक्षेत ‘मध्यमवर्गाचा उदय’ हा मुद्दा कोणत्या उत्तरातला हेच आठवत नाही.

या दोन क्रांत्यांचा वेग सारखा नाही, म्हणून अभ्यासाची पद्धतही सारखी असून चालत नाही. फ्रान्समधली उलथापालथ दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने वाचायची. १७८९ मध्ये मे ते ऑक्टोबर या काळात आठवडाभराने मागेपुढे झालेल्या गोष्टीलाही अर्थ आहे. इंग्लंडमधली औद्योगिक क्रांती दशकांच्या हिशेबाने वाचायची. तिथे एकच साल घट्ट धरून बसलात तर चित्र चुकतं. मंडळ राज्याचं असो, सीबीएसई असो, आयसीएसई असो किंवा परदेशातली शाळा असो, एवढं एक पक्कं झालं की बाकीचा अभ्यास सोपा जातो.

तयारी फारशी लागत नाही. एक लाँगबुक, फ्रान्स आणि ब्रिटनचे कोरे नकाशे प्रत्येकी दोन, आणि दोन रंगांची पेनं. वहीत १७८९ सालासाठी समोरासमोरची दोन पानं ठेवा, १७९० ते १७९९ साठी दर वर्षाला अर्धं पान. औद्योगिक क्रांतीसाठी तारखांचा तक्ता करूच नका. तिथे साखळी लागते. ती पुढे येईल.

फ्रान्स: आधी जमाखर्च, मग तत्त्वज्ञान

पाठ्यपुस्तकं बहुधा विचारवंतांपासून सुरुवात करतात. सुरुवात हिशेबापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. १७८८ सालचं फ्रेंच सरकारचं अंदाजपत्रक उपलब्ध आहे आणि त्यातले चार आकडे वहीत पहिल्याच पानावर हवेत. उत्पन्न सुमारे ५० कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). खर्च सुमारे ६३ कोटी. त्यातले जवळजवळ ३२ कोटी, म्हणजे निम्मा खर्च, जुन्या कर्जाच्या व्याजात आणि परतफेडीत जात होता. राजदरबाराचा खर्च साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या घरात.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. ‘राणीच्या उधळपट्टीमुळे राज्य बुडालं’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास असतं. उधळपट्टी होती, लोकांच्या डोळ्यांत ती खुपतही होती, पण तिजोरी रिकामी झाली ती युद्धांच्या कर्जामुळे. त्यातलं मोठं कर्ज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडविरुद्ध मदत करताना झालेलं. कर वाढवावा तर धर्मगुरू आणि उमराव या पहिल्या दोन वर्गांना मोठ्या करांतून सूट. ती सूट काढायचा प्रयत्न झाला, उमरावांनी तो हाणून पाडला, म्हणून १६१४ नंतर एकदाही न भरलेली एस्टेट्स जनरल ही सभा बोलवावी लागली. क्रांतीचं दार विशेषाधिकारवाल्यांनीच उघडलं, हे लक्षात राहू द्या.

आता पावाचा हिशेब, तोही स्वतः मांडायचा. त्या वेळी पॅरिसमध्ये गरिबाचं मुख्य अन्न म्हणजे चार पौंडी पाव, आपल्या मापाने साधारण दोन किलोचा. एक लिव्र म्हणजे २० सू. एरवी हा पाव आठ-नऊ सूला मिळायचा. जुलै १७८८ मध्ये गारपिटीने उभी पिकं झोडपली, पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला आणि फेब्रुवारी १७८९ पर्यंत भाव साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई २० ते ३० सू. मधला २५ हा आकडा धरा. नऊ सूच्या भावाने एका पावात रोजाचे ३६ टक्के जात, साडेचौदाच्या भावाने ५८ टक्के. चार-पाच माणसांच्या घराला एक पाव पुरतही नसे, आणि सणावारी काम बंद म्हणजे मजुरीही बंद. हे गणित एकदा हाताने केलं की ‘जीवनावश्यक वस्तूंची टंचाई’ हे कोरडं वाक्य लिहावंसं वाटत नाही. लिहायचं असेल तर असं लिहा: मजुराच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त भाग एका पावावर जाऊ लागला.

दुसरं गणित मतांचं. एस्टेट्स जनरलमध्ये पहिल्या दोन वर्गांचे साधारण तीनशे-तीनशे प्रतिनिधी होते आणि तिसऱ्या वर्गाचे, म्हणजे बाकी सगळ्या जनतेचे, सहाशे. प्रत्यक्ष संख्या थोडी पुढे-मागे होती, पण समजायला हे प्रमाण पुरेसं आहे. मत वर्गवार मोजलं तर निकाल २ विरुद्ध १, तिसरा वर्ग कायम हरणार. मत डोईवार मोजलं तर ६०० विरुद्ध ६००. आणि धर्मगुरूंमध्ये खेड्यापाड्यातले गरीब पाद्री बरेच होते. त्यातले थोडे जरी इकडे आले तरी पारडं फिरणार. सगळा मे महिना आणि जूनचा अर्धा महिना याच एका वादात गेला. हे न समजता १७ जूनला ‘राष्ट्रीय सभा’ का जाहीर झाली हे सांगताच येत नाही.

इथेच आणखी एक चूक होते. तिसरा वर्ग म्हणजे सगळे गरीब, असं मुलं धरून चालतात. वकील, व्यापारी, सावकार, डॉक्टर, कारागीर, कूळ, भूमिहीन मजूर हे सगळे तिसऱ्याच वर्गात होते, आणि व्हर्सायला, म्हणजे ही सभा भरली त्या पॅरिसजवळच्या राजवाड्याच्या गावी, निवडून गेलेल्यांत वकील आणि सरकारी अधिकारीच जास्त. पुढे १७९१ नंतर या एकाच वर्गातले लोक एकमेकांच्या विरोधात का उभे राहिले, त्याचं बीज इथे आहे.

१७८९ च्या दोन पानांवर काय असावं

५ मे, सभेचं उद्घाटन. १७ जून, तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवलं. २० जून, टेनिस कोर्टवरची शपथ. ११ जुलै, अर्थमंत्री नेकरला राजाने काढून टाकलं. १४ जुलै, बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यावर हल्ला. ४ ऑगस्टची रात्र, सरंजामी हक्क रद्द. २६ ऑगस्ट, मानवी हक्कांचा जाहीरनामा, कलमं १७. ५ आणि ६ ऑक्टोबर, बायकांचा मोर्चा. एवढ्या आठ नोंदी पुरतात. मात्र प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये दुसऱ्या रंगाने एक ओळ लिहा: ‘म्हणून’ काय झालं.

उदाहरणार्थ ११ आणि १४ जुलैच्या मधली ओळ. नेकर गेला, सैन्य पॅरिसभोवती जमू लागलं, म्हणून लोक हत्यारं शोधू लागले. १४ तारखेला सकाळी त्यांना एका लष्करी इमारतीतून हजारोंनी बंदुका मिळाल्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती होती बॅस्टिलमध्ये. म्हणून गर्दी तिकडे वळली. तुरुंगात त्या दिवशी कैदी होते अवघे सात. ‘हजारो कैद्यांची सुटका करण्यासाठी बॅस्टिल फोडलं’ असं लिहिणाऱ्याने ही मधली ओळ लिहिलेली नसते.

जुलैअखेर आणि ४ ऑगस्टच्या मधली ओळ खेड्यातली आहे. दरोडेखोर पीक कापायला येताहेत अशा अफवा पसरल्या, शेतकऱ्यांनी उमरावांच्या वाड्यांवर चाल केली आणि देण्याघेण्याची जुनी दप्तरं जाळली. व्हर्सायमधल्या सभासदांनी एका रात्रीत सरंजामी हक्क सोडले त्याच्यामागे औदार्यापेक्षा ही धास्ती मोठी होती. ऑक्टोबरच्या मोर्च्यासाठी नकाशा काढा: पॅरिस ते व्हर्साय अंतर सुमारे २० किलोमीटर, पावसात पायी. मागणी पावाची, आणि परतताना राजा-राणीच सोबत. त्यानंतर राजा पुन्हा कधी व्हर्सायला राहिला नाही.

सर्वांत जास्त गुण जातात ते याच्या पुढच्या भागात. १७८९ ला राजेशाही संपली असं लिहिलं जातं. राजेशाही रद्द झाली २१ सप्टेंबर १७९२ ला, तब्बल तीन वर्षांनी. मधल्या काळात १७९१ ची राज्यघटना आली. राजा राहिला, अधिकार छाटले गेले. मताचा हक्क २५ वर्षांवरच्या, तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना, असे चाळीस लाखांच्या वर लोक. देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लाख. इथे सावध राहा. चाळीस लाखांना थेट २ कोटी ८० लाखांनी भागून ‘फक्त १४ टक्क्यांना मत’ असं लिहिलं तर ते चुकतं, कारण त्या लोकसंख्येत लहान मुलंही आहेत आणि निम्म्या बायका आहेत. बरोबर मांडणी अशी: सगळ्या बायका वगळल्या, आणि प्रौढ पुरुषांतलेही गरीब वगळले. ऑलिंप द गूजने १७९१ मध्येच स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. हे तीन सन एका ओळीत लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याच्या नजरेत भरतं.

दहशतीच्या राज्याचं, म्हणजे १७९३-९४ मधल्या सरसकट मृत्युदंडांचं, खापर तेव्हाच्या सरकारातला बडा नेता रोब्सपिअर याच्या एकट्यावर फोडणं हीसुद्धा सवयीची चूक. एप्रिल १७९२ पासून चालू झालेलं युद्ध वहीतल्या प्रत्येक अर्ध्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. परकी सैन्य सीमेवर, पश्चिमेकडे वाँदे भागात बंड, शहरांत पावाची ओढ. ऑगस्ट १७९२ मध्ये राजवाड्यावर हल्ला, जानेवारी १७९३ मध्ये राजाला मृत्युदंड, सप्टेंबर १७९३ मध्ये जिनसांच्या कमाल किमती ठरवणारा कायदा, हे सगळं त्याच दबावाखाली. रीतसर शिक्षा सुनावून सुमारे १७,००० जणांना मारलं गेलं, आणि त्यात उमरावांपेक्षा सामान्य माणसं कितीतरी जास्त होती. जुलै १७९४ मध्ये रोब्सपिअरही त्याच वाटेने गेला. युद्धाची बाजू सरशीची होऊ लागली आणि भीतीचं कारण ओसरलं, हा क्रमही बघा.

नव्या मुलांना ‘थर्मिडॉर’, ‘ब्रुमेअर’ या शब्दांनी धडकी भरते. ती क्रांतिकारी पंचांगातल्या महिन्यांची नावं आहेत. तीस दिवसांचे बारा महिने, दहा दिवसांचा आठवडा, आणि २२ सप्टेंबर १७९२ पासून वर्ष पहिलं. ९ थर्मिडॉर म्हणजे २७ जुलै १७९४, रोब्सपिअरचा पाडाव झाला तो दिवस; १८ ब्रुमेअर म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९, नेपोलियनने सत्ता बळकावली तो दिवस. एवढ्या दोन जोड्या पाठ केल्या की काम भागतं.

नकाशात पॅरिस, व्हर्सायबरोबर नांत आणि बोर्दो ही बंदरं भरायला सांगतात. ती गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेली बंदरं आहेत. कॅरिबियन बेटांवरच्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम साखर आणि कॉफीच्या मळ्यांवर राबत होते. त्यांनी ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला. पॅरिसने १७९४ मध्ये गुलामी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि १ जानेवारी १८०४ ला हीच वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. पुस्तकात याला चार ओळी मिळतात. त्याला अर्धं पान द्या. ‘माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात’ हे जाहीरनाम्यातलं पहिलं कलम किती खरं होतं हे मोजायला याच्याइतकं उदाहरण नाही.

एक चित्र, वीस मिनिटं

साधनांवरचा प्रश्न आता सगळीकडे येतो. सरावासाठी जाक-लुई दाविदचं टेनिस कोर्टच्या शपथेचं चित्र घ्या. ते सहज मिळतं. पहिली पाच मिनिटं फक्त बघा आणि दिसतं ते लिहा. मध्ये टेबलावर उभा राहून सभेचा अध्यक्ष बायी शपथ वाचतोय, शेकडो हात त्याच्याकडे उंचावलेत, वरच्या खिडक्यांतून लोक बघताहेत, वाऱ्याने पडदे फुगलेत. पुढच्या बाजूला तीन माणसं एकमेकांना कवेत घेताहेत, त्यातले दोघे कॅथलिक धर्मगुरू आणि एक प्रोटेस्टंट. आणि उजव्या कोपऱ्यात एक जण हात छातीशी बांधून मान खाली घालून बसलाय. तो मार्तँ-दोश, शपथेला नकार देणारा एकमेव प्रतिनिधी.

आता तीन प्रश्न. कोणी, कधी काढलं? दाविद त्या दिवशी तिथे हजर नव्हता. काम १७९० मध्ये सुरू झालं, तेही नव्या राजवटीचा गौरव म्हणून. दुसरा प्रश्न, खऱ्याशी कुठे जुळत नाही? मिठी मारणाऱ्या त्रिकुटातला दों जेर्ल हा साधू प्रत्यक्षात त्या दिवशी सभेत नव्हता. तिसरा, मग हे साधन कशासाठी कामाचं? सभेत नेमकं कोण कुठे बसलं होतं यासाठी नाही, पण १७९० मध्ये क्रांतीच्या समर्थकांना ती कशी दिसावीशी वाटत होती, यासाठी अव्वल. चित्र अपुरंच राहिलं, कारण त्यातले बरेच चेहरे पुढच्या दोन-तीन वर्षांत देशद्रोही ठरले. खुद्द बायीला १७९३ मध्ये गिलोटिनवर नेलं.

‘हे साधन पक्षपाती आहे, म्हणून निरुपयोगी’ हे उत्तर कुठल्याच मंडळात पूर्ण गुण मिळवत नाही. पक्षपात कोणाचा आणि त्यातूनच काय कळतं, हे लिहायचं.

इंग्लंड: अडचणींची साखळी

शोध, संशोधक, साल असा तीन रकान्यांचा तक्ता पाठ करायची पद्धत आहे. तो तक्ता दोन दिवसांत पुसला जातो. त्याऐवजी कापडापासून सुरुवात करा आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा: आता अडलंय कुठे?

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या मुलांना हे पटकन कळतं, कारण धोटा म्हणजे काय ते त्यांनी बघितलेलं असतं. मागावर उभे ताणे असतात, त्यांतून धोटा आडवा फिरतो आणि बाणा घालतो. पूर्वी विणकर धोटा एका हातातून दुसऱ्या हातात फेकायचा. कापड हाताच्या पल्ल्यापेक्षा रुंद असलं तर दोन माणसं लागायची. १७३३ मध्ये जॉन के याने दोरीच्या हिसक्याने सरकणारा धावता धोटा काढला. विणकाम झपाट्याने वाढलं, आणि सूत कमी पडू लागलं. आधीच एका विणकराला सूत पुरवायला चरख्यावर अनेक जण लागत.

म्हणून सूतकताईवर डोकी चालू लागली. १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी आली. सुरुवातीला आठ चात्या, पुढे कितीतरी जास्त. ती हाताने चालायची, घरात मावायची, पण सूत नाजूक निघायचं, बाण्याला चाले, ताण्याला तुटे. आर्कराइटच्या वॉटर फ्रेमने (पेटंट १७६९) ताण्याला टिकेल असं घट्ट सूत दिलं. तिला मात्र पाण्याचा जोर लागायचा, म्हणून ती घरात बसेना. १७७१ मध्ये क्रॉमफर्डला नदीकाठी गिरणी उभी राहिली आणि माणसं यंत्राकडे कामाला जाऊ लागली. कारखाना का जन्मला, याचं उत्तर या एका फरकात आहे: जेनी घरात मावत होती, फ्रेम मावत नव्हती. क्रॉम्प्टनच्या म्यूलने १७७९ मध्ये दोन्हींचे गुण एकत्र केले.

आता सूत मुबलक आणि विणकर अपुरे. कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा. कापूस अपुरा पडू लागला, तेव्हा १७९३ मध्ये अमेरिकेत व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं. विदर्भ-खानदेशात ज्याला जिनिंग म्हणतात तेच काम. आणि त्याची किंमत काय? १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. मँचेस्टरच्या गिरण्यांबद्दल लिहिताना हा दुवा सोडू नका. तसंच, हिंदुस्थानी छापील सुती कापडावर ब्रिटनने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी बंदी घातली होती, यंत्रं यायच्या कितीतरी आधी. ‘यंत्राचं कापड स्वस्त, म्हणून आपलं कापड मागे पडलं’ एवढंच लिहिणं अर्धवट आहे.

वाफेच्या इंजिनाचीही तीच गत. किटलीच्या झाकणाकडे बघून वॅटने इंजिन शोधलं, ही गोष्ट उत्तरात लिहू नका. न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं. त्यात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, आत गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी झालं की पोकळी होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकले. दोष असा की दर फेरीला आख्खं सिलिंडर थंड व्हायचं आणि पुन्हा तापवावं लागायचं. कोळसा बेसुमार जळे. वॅटने वाफ थंड करायचं भांडं सिलिंडरपासून वेगळं केलं, त्यामुळे सिलिंडर सतत गरम राहिलं. कल्पना १७६५ ची, पेटंट १७६९ चं, आणि धंद्यात चालणारी पहिली इंजिनं १७७६ ची. मधली सात वर्षं का गेली? एक तर भांडवल नव्हतं. ते बोल्टनच्या भागीदारीने आलं. दुसरं, दट्ट्या घट्ट बसेल इतकं गोल सिलिंडर कोणाला कोरता येत नव्हतं. तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या विल्किन्सनच्या यंत्राने ते साधलं. गिऱ्हाईक कुठलं मिळालं तेही बघा. कोळशाच्या खाणीवर कोळसा फुकटासारखा, तिथे जुनं इंजिन चालून जाई. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणींत कोळसा बाहेरून आणावा लागे, तिथे वॅटचं इंजिन खपलं. ‘ब्रिटनमध्येच का?’ या प्रश्नाला कोळसा, कालवे, भांडवल अशी नुसती यादी देण्यापेक्षा हे एक उदाहरण नीट उलगडा.

दशकांचा हिशेब म्हणतात तो हा. यंत्रमाग १७८५ चा, तरी १८१३ मध्ये ब्रिटनभर यंत्रमाग होते सुमारे २,४००, आणि १८३३ मध्ये एक लाखाच्या आसपास. मधली चाळीस-पन्नास वर्षं हातमाग आणि यंत्रमाग शेजारी-शेजारी चालले, आणि त्या काळात हातमागवाल्याची मजुरी घसरत गेली. १८११ पासून नॉटिंगहॅमकडे यंत्रं फोडणारे लुडाइट्स अडाणी होते म्हणून फोडत नव्हते. ते कसबी कारागीर होते आणि मालकांनी मजुरी पाडायला वापरलेली यंत्रं निवडून फोडत होते.

कामगारांच्या हालांवर लिहिताना १८३२ च्या सॅडलर समितीतल्या (गिरण्यांतल्या बालमजुरीची चौकशी करणारी ब्रिटिश संसदेची समिती) साक्षी बहुतेक पुस्तकांत उद्धृत असतात. त्या वाचाच. पण सॅडलर हा गिरणीतला कामाचा दिवस दहा तासांवर आणू पाहणाऱ्या विधेयकाचा पुरस्कर्ता होता आणि गिरणीमालकांनी ‘एकतर्फी’ म्हणून ओरड केल्यावर १८३३ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला, हेही नोंदवा. महत्त्वाची गोष्ट अशी की त्या दुसऱ्या आयोगानंतरही कायदा झालाच. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली (रेशमाच्या गिरण्या सोडून), तेरा वर्षांखालच्यांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, अठराखालच्यांना ६९ तास. साऱ्या देशासाठी निरीक्षक नेमले चार. या ‘चार’वर एक वाक्य लिहिलंत तर कायदा आणि अंमलबजावणी यांतला फरक तुम्हाला कळलाय हे दिसतं.

मुंबईचं पान

आपल्याकडचा दुवा जबरदस्तीने जोडावा लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, ३४ किलोमीटर. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस अडला, मँचेस्टरने हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव आणि सट्टा दोन्ही कोसळले. व्हिटनीच्या यंत्रापासून निघालेली साखळी इथे येऊन पोचते.

पुढचं पाऊल कायद्याचं. आपला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि बारापर्यंतच्यांना नऊ तास ठेवले. १८३३ चा आणि १८८१ चा कायदा शेजारी-शेजारी लिहा. हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून लँकेशायरचे, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातले, गिरणीमालक आग्रही होते, कारण इथल्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना जाचत होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या तिच्या मागण्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले. महात्मा फुले यांच्यावर इंग्रज लेखक थॉमस पेनच्या मानवी हक्कांच्या विचारांचा प्रभाव होता, आणि हाच पेन १७९२ मध्ये फ्रान्सच्या कन्व्हेन्शन या निवडून आलेल्या सभेचा सभासद होता. राजाच्या मृत्युदंडाविरुद्ध त्याने मत दिलं आणि पुढे स्वतःच कैदेत पडला. दोन्ही प्रकरणं एकत्र आणणारा प्रकल्प करायचा असेल तर याच्याइतका चांगला विषय शोधून सापडणार नाही.

अमेरिकन किंवा रशियन क्रांती अभ्यासक्रमात असेल तर फ्रान्सचीच पद्धत लावा: आधी सरकारचा जमाखर्च आणि युद्ध, मग दिवसांचा क्रम. रशियात जुनं पंचांग तेरा दिवस मागे होतं, म्हणून ‘फेब्रुवारी’ क्रांती आपल्या मार्चमध्ये आणि ‘ऑक्टोबर’ क्रांती नोव्हेंबरमध्ये येते.

उत्तर लिहिताना

पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं, १२० ते १५० शब्द. तीन मुद्दे पुरे, पण ते एकमेकांत अडकलेले हवेत. त्यासाठी ‘म्हणून’ची कसोटी लावा. ‘सामाजिक विषमता होती. आर्थिक संकट होतं. विचारवंतांनी जागृती केली.’ या तीन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालून बघा, बसत नाही. आता हे बघा: ‘निम्मा सरकारी खर्च कर्जात जात होता, म्हणून करसवलती काढण्याचा प्रयत्न झाला, उमरावांनी तो अडवला, म्हणून एस्टेट्स जनरल बोलवावी लागली, त्याच हिवाळ्यात पाव महागला, म्हणून सभेतला वाद रस्त्यावर आला.’ विचारवंतांचा मुद्दा याच्यानंतर येतो: राग होताच, त्याला हक्कांची भाषा त्यांनी दिली.

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘वर्णन करा’ला क्रम, ‘कारणे द्या’ला साखळी, ‘कितपत सहमत आहात’ला दोन्ही बाजू आणि शेवटी तुमचा कौल. परदेशी मंडळांत शेवटचा प्रकार जास्त येतो. अमेरिकेतल्या एपीमध्ये (शाळेत असताना द्यायची कॉलेजच्या दर्जाची परीक्षा) सात कागदपत्रं देऊन त्यांवर निबंध लिहायचा असतो. मराठी घरातली बरीच मुलं तिथे कागदपत्रांचा सारांश लिहून थांबतात. सारांशाला गुण कमी, कागदपत्र लिहिणारा कोण आणि का लिहितोय याला जास्त.

शेवटची पाच मिनिटं संस्थांची नावं तपासायला ठेवा. एस्टेट्स जनरल १७ जून १७८९ पर्यंत, मग राष्ट्रीय सभा, ऑक्टोबर १७९१ पासून विधिमंडळ, सप्टेंबर १७९२ पासून कन्व्हेन्शन, १७९५ पासून डिरेक्टरी (पाच जणांचं कार्यकारी मंडळ). घटनेशेजारी चुकीची सभा लिहिली असेल तर तेवढं नाव खोडून बरोबर लिहा. बाकीचं वाक्य बहुतेक वेळा ठीकच असतं.